'बारा', 'एलोहीम' आणि अनादि जीव : मॉर्मन ईश्वरविचारातील काही तात्त्विक प्रश्नांचा इतिहास

ईश्वराने ही सृष्टी शून्यातून निर्माण केली, हा सिद्धांत ख्रिस्ती ईश्वरविद्येच्या बहुतेक सर्व शाखांना समान आहे. कॅथॉलिक व प्रॉटेस्टंट यांच्यातील शतकानुशतकांच्या वादांतही या सिद्धांताला सहसा कोणी हात लावलेला दिसत नाही. अमेरिकेत १९ व्या शतकाच्या पूर्वार्धात उदयास आलेल्या मॉर्मन पंथाने मात्र तो स्पष्टपणे नाकारला. आपल्याकडील सुशिक्षितांस या पंथाची ओळख असते ती बहुधा बहुपत्नीकत्वाच्या चालीमुळे. ती चाल सोडत असल्याचे पंथाच्या नेतृत्वाने १८९० मध्येच जाहीर केले. तिच्याविषयी कुतूहलापोटी जितके लिहिले गेले त्याच्या एक दशांशही या पंथाच्या तत्त्वविचाराविषयी लिहिले गेलेले नाही, आणि हे उणेपण काहीसे अन्यायाचे आहे. ईश्वर, द्रव्य आणि जीव यांच्या परस्परसंबंधाविषयी या पंथाने घेतलेली भूमिका ख्रिस्ती जगात विरळा असून भारतीय दर्शनांच्या अभ्यासकास ती अनेक ठिकाणी ओळखीची वाटण्याजोगी आहे. या भूमिकेच्या घडणीत तर्कापेक्षा शब्दांचा वाटा मोठा आहे. एका हिब्रू क्रियापदाचा अर्थ आणि एका इंग्रजी नामाचे वचन यांभोवती तिचा बराच इतिहास फिरतो. (पंथाचे पूर्ण नाव 'येशू ख्रिस्ताचे अंत्यदिवसीय संतांचे चर्च' असे असून २०१८ पासून चर्चने तेच नाव वापरण्याचा आग्रह धरला आहे. परंतु ऐतिहासिक विवेचनात 'मॉर्मन' हा रूढ शब्द टाळणे कठीण होय.)

पंथाचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांचा जन्म १८०५ मध्ये व्हरमाँट येथे झाला. न्यूयॉर्क राज्यातील पॅल्मायरा येथे 'मॉर्मनचे पुस्तक' मार्च १८३० मध्ये छापून निघाले आणि त्याच वर्षी ६ एप्रिलला चर्चची स्थापना झाली. पुढे सांगितलेला ईश्वरविचार आरंभापासूनच परिपूर्ण रूपात होता, असा श्रद्धाळू अनुयायांचा समज असतो. कागदपत्रे मात्र तसे सांगत नाहीत. १८३० च्या आवृत्तीत मरियेस ईश्वराची माता म्हटले होते, ते १८३७ च्या आवृत्तीत ईश्वराच्या पुत्राची माता असे बदलण्यात आले. पित्याचे आणि पुत्राचे व्यक्तित्व पृथक् करण्याकडे होणारी वाटचाल या एका शब्दाच्या भरीतही दिसते. १८३५ मध्ये 'सिद्धांत आणि करार' या ग्रंथाच्या आरंभी छापलेल्या श्रद्धाविषयक व्याख्यानांत पिता हा आत्मरूप आणि पुत्र हा देहधारी असे वर्णन होते. एप्रिल १८४३ मध्ये स्मिथ यांनी पित्यासही मांस व अस्थी यांचा देह आहे असे सांगितले. या दोन विधानांचा मेळ बसेना, आणि अखेर १९२१ मध्ये ती व्याख्याने ग्रंथातून वगळली गेली.

सृष्टीच्या आरंभाविषयीही असेच अंतर पडले. जून १८३० मध्ये स्मिथ यांनी बायबलच्या संशोधित पाठास हात घातला. त्यातील सृष्टिवर्णन आज 'मोशेचे पुस्तक' या नावाने ओळखले जाते. त्यात एकच ईश्वर प्रथमपुरुषी एकवचनात बोलतो आणि निर्माण करतो. पुढे मार्च १८४२ मध्ये नावू येथील 'टाइम्स अँड सीझन्स' या पत्रात 'अब्राहमाचे पुस्तक' प्रसिद्ध झाले. त्यातील सृष्टिवर्णनात कर्ता अनेकवचनी झाला आहे आणि क्रियापदही बदलले आहे : देवांनी आकाश व पृथ्वी यांची रचना केली, त्यांना आकार दिला. मूळ आधार एकच, 'उत्पत्ती' ग्रंथाचा पहिला अध्याय. बारा वर्षांच्या अवधीत कर्त्याचे वचन आणि क्रियेचा अर्थ ही दोन्ही बदलली. या अवधीत काय घडले, हा येथील खरा प्रश्न आहे.

त्याचे एक उत्तर ओहायोतील कर्टलँड या गावी सापडते. १८३५-३६ च्या हिवाळ्यात तेथील मंडळींनी हिब्रू शिकण्यासाठी जोशुआ सेशस या शिक्षकाची नेमणूक केली. सेशस हे सेफार्दी ज्यू घराण्यातील असून त्यांनी स्वतःचे हिब्रू व्याकरण १८३३ मध्ये प्रसिद्ध केले होते. जानेवारी ते मार्च १८३६ या काळात स्मिथ यांनी त्यांच्याकडे नेटाने अध्ययन केले. अवघ्या काही आठवड्यांचे हे शिक्षण, पण त्याच्या खुणा 'अब्राहमाच्या पुस्तका'त अगदी वर्णोच्चारापर्यंत पोचल्या आहेत. 'ओलाम' हा अनंत काळाचा वाचक हिब्रू शब्द त्या पुस्तकात 'ग्नोलाउम' असा येतो, आणि अंतराळवाचक 'राकीआ' हा शब्द त्यातील एका चित्राच्या स्पष्टीकरणात 'राउकीयांग' असा येतो. 'आयिन' या घशातील व्यंजनाचा उच्चार अनुनासिक करण्याची चाल सेफार्दी परंपरेत होती आणि सेशस यांच्या लिप्यंतरात तीच उतरली आहे. लुई झकर यांनी १९६८ च्या आपल्या लेखात हा धागा नीट उलगडून दाखविला. अमुक एका गुरूची लेखनपद्धती ग्रंथात मुद्रेसारखी उमटलेली सापडावी, असे भाग्य ग्रंथेतिहासकारास क्वचितच लाभते.

या पुस्तकाचा दुसरा दुवा ईजिप्तशी आहे. जुलै १८३५ मध्ये मायकेल चँडलर या प्रदर्शकाकडून ममींसह काही पपायरस गुंडाळ्या खरेदी करण्यात आल्या, आणि हे पुस्तक त्यांचे भाषांतर म्हणून पुढे आले. १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने त्यांतील अकरा तुकडे चर्चच्या स्वाधीन केले. ते अंत्यविधीसंबंधी ग्रंथांचे अवशेष असल्याचे ईजिप्तविद्येच्या अभ्यासकांनी ठरविले, आणि तुकड्यांवरील चिन्हे व पुस्तकाचा मजकूर यांचा मेळ बसत नाही हे चर्चनेही २०१४ च्या निवेदनात मान्य केले. तत्त्वविचाराच्या दृष्टीने मात्र ईजिप्तपेक्षा सेशस यांचा वर्ग अधिक महत्त्वाचा होता.

मार्च १८४४ मध्ये नावू येथे विहिरीचे काम करीत असता दगड अंगावर पडून किंग फॉलेट नावाचे एक अनुयायी मरण पावले. त्यांच्या निमित्ताने ७ एप्रिल १८४४ रोजी वार्षिक परिषदेत स्मिथ यांनी जे प्रवचन केले ते 'किंग फॉलेट प्रवचन' म्हणून प्रसिद्ध आहे. विषय मृत्यूचा होता, परंतु मृतांचे काय होते हे सांगण्यासाठी ईश्वर कोण हे आधी सांगितले पाहिजे, असा वक्त्याचा आग्रह होता. ईश्वर हा आज सिंहासनस्थ असला तरी एके काळी मनुष्यासारखाच एका जगात राहिला होता, आणि मनुष्यानेही त्याच मार्गाने ईश्वरत्व गाठावयाचे आहे, हे त्या प्रवचनाचे पहिले सूत्र होय. दुसरे सूत्र असे की, मनुष्याच्या ठायी असलेले बुद्धितत्त्व कोणीही निर्माण केलेले नाही, ते करताही येत नाही. वक्त्याने बोटातील अंगठी काढून दाखविली : वर्तुळास आदि नाही म्हणूनच अंत नाही, ते कोठेही छेदले की दोन्ही एकदमच उत्पन्न होतात. ज्यास आरंभ आहे त्यास शेवट असणारच, हा युक्तिवाद भारतीय वाचकास नवा नाही. ॲरिस्टॉटलनेही विश्वाच्या अनादित्वाविषयी तो वापरला होता. ख्रिस्ती धर्मोपदेशकाने मात्र तो जीवास लावावा आणि जीवाचे अमरत्व त्याच्या अनादित्वावर उभे करावे, ही गोष्ट नवी होती. परंपरागत ख्रिस्ती मतात जीव अमर असतो तो ईश्वराच्या कृपेने. येथे तो स्वभावतःच अमर ठरतो.

या सूत्रांस शास्त्राधार म्हणून स्मिथ यांनी 'उत्पत्ती' ग्रंथाचे पहिले तीन हिब्रू शब्द घेतले. 'बारा' हे क्रियापद शून्यातून निर्माण करणे या अर्थाचे नसून, जहाज बांधणाऱ्याने लाकडे जुळवून जहाज बांधावे तसे रचणे या अर्थाचे आहे, असे त्यांनी सांगितले. आरंभीच्या 'बरेशीत' या शब्दातील पहिले अक्षर मागाहून कोणा ज्यूने अधिकार नसताना जोडले, मुळात तेथे 'रोश' म्हणजे मस्तक अथवा प्रमुख हाच शब्द असावा, असेही ते म्हणाले. यावरून अर्थ निघतो तो असा : देवांच्या प्रमुखाने देवांस पुढे आणले.

या व्युत्पत्तीचे दोन भाग निराळे तोलले पाहिजेत. 'बारा' विषयीचे विधान मोठ्या अंशी टिकते. हे क्रियापद आपल्या साध्या रूपात बायबलमध्ये केवळ ईश्वर या कर्त्याबरोबरच येते हे खरे, परंतु ते 'शून्यातून' असा अर्थ स्वतः सांगत नाही. यरुशलेम नगरी आणि शुद्ध अंतःकरण यांच्या बाबतीतही तेच क्रियापद योजलेले आहे, आणि या दोहोंस आधीचे काही अधिष्ठान होते. धातूच्या दुसऱ्या एका रूपाचा अर्थ तर तोडून साफ करणे असा होतो. शून्यातून निर्मितीचा सिद्धांत बायबलच्या शब्दांपेक्षा नंतरच्या वादांतून घडला, असे जर्मन विद्वान गेऱ्हार्ड मे यांनी १९७८ च्या ग्रंथात दाखविले आहे. दुसऱ्या शतकात ज्ञेयवादी पंथांशी आणि ग्रीक तत्त्वज्ञांशी झगडताना तो निश्चित झाला, आणि इ. स. १८० च्या सुमारास अंत्योखचा थिओफिलस याच्या लेखनात तो स्पष्ट रूप घेतो. मॉर्मन विद्वान या ग्रंथाचा दाखला आवडीने देतात, आणि त्यात वावगे काही नाही.

'बरेशीत' विषयीचे विधान मात्र टिकत नाही. पुढचे अव्यय गाळणे, मागचा प्रत्यय काढणे आणि उरलेल्या धातूस कर्ता करणे हे व्याकरणाच्या कोणत्याही नियमात बसत नाही. तथापि एका गोष्टीची दखल घेणे भाग आहे. 'एलोहीम' हे रूप अनेकवचनी असून 'बारा' हे क्रियापद एकवचनी आहे, ही या वाक्यातील विसंगती खरी आहे. परंपरा ती आदरार्थी अथवा महत्त्वदर्शक अनेकवचन मानून सोडविते, जसे मराठीत एकाच व्यक्तीस 'ते आले' म्हणतो. फरक इतकाच की मराठीत अशा वेळी क्रियापदही अनेकवचनी होते, हिब्रूत तसे होत नाही. स्मिथ यांनी ही विसंगती दुसऱ्या मार्गाने सोडविली : एकवचनी क्रियापदास एकवचनी कर्ता शोधला आणि अनेकवचनी नाम कर्मस्थानी ढकलले. मध्ययुगीन ज्यू गूढग्रंथ 'झोहार' यानेही हेच तीन शब्द घेऊन 'एलोहीम'ला कर्म केले आहे, जरी तेथील कर्ता अव्यक्त आहे. यावरून स्मिथ यांच्यावर कबाला परंपरेचा प्रभाव होता, आणि तो नावूतील अलेक्झांडर नायबौर या ज्यू अनुयायाकडून आला, असे लान्स ओवेन्स यांनी १९९४ मध्ये प्रतिपादन केले. विल्यम हॅम्बलिन यांनी त्यावर कठोर टीका केली. साम्य लक्षणीय आहे. प्रभाव सिद्ध झाला, असे मात्र म्हणवत नाही.

हा सर्व वाद केवळ पाठशाळेतील नव्हता. ७ जून १८४४ रोजी नावूतील असंतुष्ट अनुयायांनी 'एक्सपॉझिटर' नावाच्या वृत्तपत्राचा एकमेव अंक काढला. त्यातील आरोपांत बहुपत्नीकत्वाच्या बरोबरीने अनेक देवांची शिकवण हाही आरोप होता. १० जूनला तो छापखाना नष्ट करण्यात आला, आणि त्या प्रकरणातूनच स्मिथ यांस अटक होऊन २७ जून रोजी कार्थेजच्या तुरुंगात जमावाने त्यांची हत्या केली. फॉलेट प्रवचनास तेव्हा एक्याऐंशी दिवस झाले होते. मध्यंतरी १६ जूनला त्यांनी आणखी एक प्रवचन केले आणि माघार घेण्याऐवजी एक पाऊल पुढे टाकले : पित्यासही पिता असला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते.

फॉलेट प्रवचनाचा शब्दशः वृत्तांत उपलब्ध नाही. विलर्ड रिचर्ड्स, विल्फर्ड वुडरफ, टॉमस बुलक व विल्यम क्लेटन या चौघांनी घेतलेली टिपणे एकमेकांशी जुळवून पाठ तयार करण्यात आला. या पाठात मनुष्याचे बुद्धितत्त्व ईश्वराशी 'समान' आहे असा शब्द येतो. पुढील संपादकांनी त्यास टीप जोडली की, येथे 'सह-अनादि' हाच शब्द अभिप्रेत असावा. एका प्रत्ययाचा हा फरक आहे, परंतु त्यावर उपास्य आणि उपासक यांतील अंतर अवलंबून आहे. संपादकांची अडचण समजण्याजोगी आहे. वक्त्याचा शब्द कोणता होता हे मात्र त्यांच्या टिपेवरून ठरत नाही.

त्याहून मोठी अडचण 'बुद्धितत्त्व' या शब्दानेच उत्पन्न केली. मूळ इंग्रजी 'इंटेलिजन्स' हा शब्द १८३३ च्या एका प्रकटीकरणात एकवचनी येतो. तेथे तो पाणी किंवा प्रकाश या शब्दांसारखा द्रव्यवाचक आहे : सत्याचा प्रकाश, जो निर्माण झालेला नाही. १८४२ च्या 'अब्राहमाच्या पुस्तका'त तोच शब्द अनेकवचनी होऊन येतो. म्हणजे तेथे मोजता येणाऱ्या अनेक बुद्धिमान व्यक्ती आहेत, आणि त्यांत काही थोर, काही त्याहून थोर. द्रव्यवाचक नाम समूहवाचक झाले की तत्त्वज्ञान बदलते. पहिल्या अर्थाने घेतल्यास अनादि आहे ते एक प्रकारचे चैतन्यद्रव्य, ज्यातून ईश्वराने व्यक्तिरूप जीव घडविले. दुसऱ्या अर्थाने घेतल्यास प्रत्येक व्यक्ती व्यक्ती म्हणूनच अनादि आहे. पहिला पक्ष ब्रूस मकॉन्की यांच्या १९५८ च्या 'मॉर्मन डॉक्ट्रिन' या ग्रंथात आढळतो. दुसऱ्या पक्षाचा सर्वांत समर्थ पुरस्कार बी. एच. रॉबर्ट्स यांनी केला. दोघेही त्याच दोन वचनांचा आधार घेतात. नीतीच्या दृष्टीने दुसऱ्या पक्षाचा लाभ उघड आहे : पाप करणारी व्यक्ती जर ईश्वराने घडविलेलीच नसेल, तर तिच्या पापाचा दोष घडविणाऱ्याकडे जात नाही. पहिल्या पक्षात हा बचाव अर्धा राहतो, कारण द्रव्य अनादि असले तरी त्यातून अमुक स्वभावाचा जीव घडविला तो ईश्वरानेच.

भारतीय दर्शनाच्या परिभाषेत मांडावयाचे तर मॉर्मन ईश्वर हा जगाचे निमित्तकारण आहे, उपादानकारण नव्हे. कुंभाराप्रमाणे तो आधीच असलेल्या मातीस आकार देतो. न्याय-वैशेषिकांचा ईश्वरही असाच, परमाणू आणि आत्मे हे त्याच्याबरोबरच नित्य. हे साम्य येथेच थांबते. नैयायिकांचा ईश्वर कधी मनुष्य नव्हता, आणि आत्मा त्यांच्या मते परमाणूंचा बनलेला नाही. उन्नत होत होत जीवच परमपदास पोचतो, या अंशी जैन मत अधिक जवळचे वाटेल, पण तेथे सृष्टिकर्ता ईश्वर मानलेलाच नाही.

आत्माही द्रव्यच आहे, केवळ अधिक सूक्ष्म व शुद्ध, हे स्मिथ यांनी १८४३ मध्ये सांगितले. या विधानास शास्त्रीय बांधणी देण्याचे काम ऑर्सन प्रॅट यांनी केले. प्रॅट (१८११-१८८१) हे प्रेषित-मंडळाचे सभासद आणि स्वप्रयत्नाने झालेले गणिती होते. तृतीय व चतुर्थ घातांच्या समीकरणांवरील त्यांचे पुस्तक १८६६ मध्ये लंडन येथे प्रसिद्ध झाले. टी. डब्ल्यू. पी. टेल्डर या इंग्रज टीकाकाराने मॉर्मन जडवादावर हल्ला चढविला, तेव्हा प्रॅट यांनी १८४९ मध्ये लिव्हरपूलहून 'अद्रव्यवादाची असंगती' दाखविणारी पुस्तिका काढली. तिचा गाभा असा की, ज्यास विस्तार नाही, भाग नाहीत, स्थान नाही, त्यास 'काहीच नाही' यापासून वेगळे कसे करावे? असा ईश्वर मानणारा प्रत्यक्षात नास्तिकच होय. जॉन लॉकनेही द्रव्यास विचारशक्ती देणे ईश्वरास अशक्य नाही असे म्हटले होते. प्रॅट यांनी एक पायरी पुढे जाऊन ती शक्ती द्रव्याच्या अंगचीच मानली. १८५१ च्या 'महान आदिकारण' या पुस्तिकेत प्रत्येक कण स्वतः गतिमान व काही अंशी बुद्धिमान आहे, गुरुत्वाकर्षण ही दुरून ओढणारी शक्ती नसून कणांनी बुद्धिपुरस्सर पाळलेला नियम आहे, असे प्रतिपादन आहे. भौतिकशास्त्र म्हणून यास किंमत नाही. परंतु मन द्रव्यातून कसे उद्भवते या प्रश्नास मनच द्रव्यात पसरवून उत्तर देण्याचा हा प्रयत्न तत्त्वज्ञानाच्या इतिहासात एकाकी नाही.

याच काळात ब्रिटनमधील या प्रचाराची एक शाखा मुंबईस आली. ह्यू फिंडले हे धर्मप्रचारक १८५२ मध्ये मुंबईत उतरले आणि मुंबई व पुणे येथे त्यांनी काम केले. १८५५ मध्ये त्यांनी मराठ्यांस उद्देशून एक पुस्तिका मुंबईत काढली. तिच्या शीर्षकातच खरा व जिवंत ईश्वर हा विषय घोषित केलेला आहे. प्रचारास यश अत्यल्प लाभले आणि लवकरच तो बंद पडला.

प्रॅट यांस खरा विरोध भेटला तो घरातच. स्मिथ यांच्यानंतर अनुयायांस १८४७ मध्ये सॉल्ट लेकच्या खोऱ्यात नेणारे ब्रिगम यंग हे चर्चचे अध्यक्ष होते. ईश्वराचे ज्ञान अनंतकाळ वाढतच जाते, असे यंग यांचे मत होते. प्रगती हेच जर अस्तित्वाचे लक्षण असेल तर ईश्वर तिच्या बाहेर का राहावा? प्रॅट यांस हे मान्य नव्हते. उद्या नवे काही शिकणारा ईश्वर आज चुकत असण्याचा संभव राहतो, मग त्याच्या वचनावर भरवसा कशाच्या बळावर ठेवावा? देवत्व म्हणजे सत्य, ज्ञान, प्रेम इत्यादी गुणांची परिपूर्णता. ती अनेक व्यक्तींत वास करू शकते, आणि भक्ती होते ती त्या गुणांची, असे त्यांनी १८५३-५४ मध्ये वॉशिंग्टन येथून काढलेल्या 'द सीअर' या नियतकालिकात लिहिले. यंग यांस हे व्यक्तिरूप पित्यास बाजूस सारणारे वाटले.

जानेवारी १८६० मध्ये प्रमुखांच्या सभेत प्रॅट यांची कानउघाडणी झाली. त्याच महिन्याच्या २९ तारखेस त्यांनी जाहीरपणे नमते घेतले, परंतु आपली मते चूक आहेत असे मनापासून म्हणणे त्यांस जड गेल्याचे त्यांच्या शब्दयोजनेवरूनही जाणवते. १८६५ मध्ये अध्यक्षमंडळाने त्यांच्या लेखनातील अनेक प्रतिपादनांचा अधिकृत निषेध छापला. १८७५ मध्ये त्यांचा ज्येष्ठताक्रम खाली आणण्यात आला. कारण सांगितले गेले ते १८४२ मध्ये ते काही महिने चर्चबाहेर होते हे. मात्र परिणाम असा झाला की १८७७ मध्ये यंग निवर्तले तेव्हा नेतृत्व जॉन टेलर यांच्याकडे गेले. ईश्वरास सर्व काही आधीच ठाऊक आहे असे म्हणणारा मनुष्य ज्या चर्चमध्ये दोषी ठरला, त्याच चर्चचे प्रेषित मकॉन्की यांनी जून १९८० मध्ये, ईश्वराचे ज्ञान वाढते असे म्हणणे हे पाखंड होय, असे ब्रिगम यंग यांच्याच नावाच्या विद्यापीठात सांगितले.

रॉबर्ट्स (१८५७-१९३३) यांनी या वारशास शिस्त लावली. फान डर डाँक्ट या कॅथॉलिक धर्मगुरूशी झालेल्या त्यांच्या वादातून १९०३ मध्ये 'मॉर्मनांचा ईश्वरसिद्धांत' हा ग्रंथ सिद्ध झाला. ईश्वर निरवयव व निर्विकार असल्याचे कॅथॉलिक प्रमेय ग्रीक तत्त्वज्ञानाचे आहे, धर्मग्रंथांचे नव्हे, हा त्यांचा मुख्य रोख होता. सर्वशक्तिमान या विशेषणासही त्यांनी मर्यादा घातली : द्रव्य, काल, अवकाश आणि बुद्धितत्त्व हे ईश्वराचे सहवासी असल्यामुळे जे शक्य आहे ते सर्व तो करू शकतो, इतकेच. त्यांचा शेवटचा मोठा ग्रंथ मंडळाच्या मतभेदामुळे अडला आणि १९९४ पर्यंत हस्तलिखितातच राहिला.

या मर्यादित ईश्वराचे तात्त्विक मोल काय, हे सर्वांत स्पष्टपणे सांगितले ते यूटा विद्यापीठाचे तत्त्वज्ञ स्टर्लिंग मॅकमरिन यांनी. त्यांचा लहानसा निबंध १९५९ मध्ये आणि त्याचा विस्तार १९६५ मध्ये ग्रंथरूपाने आला. मधल्या काळात, १९६१-६२ मध्ये, ते अमेरिकेचे शिक्षण-आयुक्त होते. ईश्वर सर्वशक्तिमान व सर्वथा चांगला असेल तर दुःख कोठून आले, या जुन्या प्रश्नापुढे परंपरागत ईश्वरविद्या हतबल होते. मॉर्मन मतास तो प्रश्न तितका बोचत नाही, कारण जगाचा कच्चा माल ईश्वराने निवडलेला नाही. विल्यम जेम्स यांच्या बहुतत्त्ववादाशी या भूमिकेचे नाते मॅकमरिन यांनी दाखविले, आणि आपल्याच परंपरेतील लेखक ईश्वरास पुन्हा निरपेक्ष ठरवू पाहतात तेव्हा ते आपले सर्वांत मोठे तात्त्विक भांडवल उधळतात, असा त्यांचा रोख राहिला. हे मत ग्राह्य वाटते. परंतु त्याची दुसरी बाजू मॅकमरिन यांनाही ठाऊक होती : दुःखास जबाबदार नसलेला ईश्वर दुःखाच्या अंतिम नाशाची हमी कशी देणार? जो रुग्ण आहे, ज्याचे मूल गेले आहे, त्यास बहुधा निर्दोष ईश्वरापेक्षा समर्थ ईश्वर हवा असतो, आणि चर्चच्या व्यासपीठावरून बोलणाऱ्यास त्याच्याशीच बोलावयाचे असते.

राहिला प्रश्न अनवस्थेचा. पित्यास पिता, त्यास आणखी पिता, अशी परंपरा मानली तर पहिले कारण कोठेच सापडत नाही. रॉबर्ट्स यांस त्यात दोष दिसला नाही, कारण जीव व द्रव्य अनादि असता मालिकाही अनादि असण्यास हरकत नाही. याउलट ब्लेक ऑस्टलर यांनी २००१ पासून प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथमालेत ही मालिका नाकारली आहे. पिता देहधारी झाला, परंतु तो आधीही ईश्वरच होता, असे ते फॉलेट प्रवचनाचे वाचन करतात. दोन्ही पक्षांस वाव राहण्याचे कारण ग्रंथांच्या अधिकाराशी निगडित आहे. 'अब्राहमाचे पुस्तक' ज्या संग्रहात आहे त्यास १८८० मध्ये प्रमाणग्रंथाचा दर्जा मिळाला, म्हणून देवांनी सृष्टीची रचना केली हे वचन आणि अनेकवचनी बुद्धितत्त्वे ही चर्चवर बंधनकारक आहेत. ७ एप्रिल आणि १६ जून १८४४ ची प्रवचने प्रमाणग्रंथांत कधीच समाविष्ट झाली नाहीत.